अंगद, तू मध्ये का आलास

अंगद,

तुझा चेहरा त्यांनी मला दाखवला नाही. शवागारातला माणूस म्हणाला, "चेहरा नका बघू दादा. हातावरनं सांगता आलं तर सांगा." त्यानं चादरीखालून तुझा डावा हात बाहेर काढला. मनगट आणि कोपराच्या मधोमध, हाड वाकडं जुळलेलं तिथं, तो उंचवटा होता.

"हाच," मी म्हटलं.

"नक्की?"

"हा हात मीच मोडलाय."

मग त्यानं चादर परत ओढली आणि मला बाहेरची वाट दाखवली. बाहेर तुझी बायको, आमच्या मंगलवहिनी, भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या फरशीवर तळहात आपटत राहिल्या, अगदी हाताची साल निघेपर्यंत.

नाशिक रस्त्यावर त्या कंटेनरनं तुला कसं चिरडलं, गाडी कुठं सापडली, लोकांनी आधी मोबाइल काढले की तुला उचललं, हे सगळं मी इतके दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलो. तुला ते सांगायचं नाही. काल तुझा दहावा झाला. आज मी गॅरेज उघडलं, आणि दुपारी इथं जे घडलं त्यानंतर मला तुझ्याशी भांडायचंय. तू असतास तर आत्तापर्यंत एखादा पान्हा इकडून तिकडं उडाला असता.

आपली दोस्ती लोकांना कधी कळली नाही. तू बीडकडचा, हातात एक पिशवी घेऊन चाकणला उतरलेला. मी पिंपरीतला, वडील कंपनीत घणावर, लहानपणापासून भोंग्यावर उठणारा. एकाच लाइनवर आपण गिअरबॉक्स जोडत होतो आणि एकाच दिवशी दोघांनाही गेटवर सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नका. मोशीच्या बाजूला आपण हे पत्र्याचं शेड घेतलं. पहिल्याच आठवड्यात बॅटरी कुठं ठेवायची यावरून तू माझी कॉलर धरलीस आणि मी तुला ड्रमवर ढकललं. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला वाटलं, हे दुकान महिनाभरही चालणार नाही.

संपतचा पिकअप आला त्या दिवसापासून सुरुवात करतो, कारण आपलं सगळ्यात मोठं भांडण तिथंच सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

संपत चाकणच्या अलीकडच्या गावातला. बरीचशी जमीन कंपन्यांना गेलेली, मागे एक जुना पिकअप राहिलेला. तो पिकअप अख्खा पावसाळा नदीकाठच्या गोठ्यात उभा होता आणि एकदा पाणी आत शिरून पार इंजिनपर्यंत चढलं होतं. गिअर पडत नव्हते. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. संपत म्हणाला, "उद्या गाडी कंपनीच्या गेटवर उभी पायजे. न्हाई लागली तर दुसऱ्याची लागंल." आपण हो म्हणालो.

मागचा शाफ्ट सुटला, बॉक्सखालची आडवी पट्टी सुटली, बॉक्सखाली जॅक लावला, गोलाकार बसलेले बोल्ट निघाले. आता बॉक्स मागं सरकून इंजिनापासून वेगळा व्हायला हवा होता. तो हलला नाही. गंजानं दोन्ही लोखंडं एक केली होती. आपण फटीत छिन्नी घालून मारली, छिन्नीचं टोक तुटून माझ्या गालाला लागलं. डिझेल ओतलं, गॅसच्या ज्योतीनं तापवलं, तापलेल्या चिखलाचा वास नाकातोंडात गेला. एका बाजूनं तू पहार घालून लोंबकळत होतास, दुसऱ्या बाजूनं मी गाडीखाली झोपूनच घण घालत होतो. प्रत्येक घावाला वरून गंजाचे पापुद्रे डोळ्यांत पडत होते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं. तू बॉक्सच्या आईबहिणीचा उद्धार करत होतास, आणि ती तुझी बोली अशी की ऐकून मला तेवढ्यातही हसू येत होतं.

संपत दारात टायरवर बसून होता. आधी फोनवर बोलत होता, मग आपल्याला बोलायला लागला. उशीर होतोय, दुसरीकडं न्यायला पायजे होती, उगं हितं आणली. आपण ऐकून घेतलं. गिऱ्हाईक आहे, बोलतं. मग त्याची नजर भिंतीवर मी लावलेल्या निळ्या कोटातल्या फोटोकडे गेली असणार, कारण तो जरा थांबला आणि मग सावकाश म्हणाला, "ह्ये मशीनचं काम हाय. तुमच्या लोकांच्या हाताला ह्ये कुठनं यायचं. तुमचं काम येगळं हुतं, त्येच बरं हुतं."

अंगद, मी गाडीखालून कसा बाहेर आलो ते मला आठवत नाही. पाठ सोलली होती हे नंतर कळलं. हातात पहार होती आणि समोर संपतचं डोकं होतं. त्याला घाबरवायचं वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. माझे वडील आयुष्यभर घणासमोर उभे राहिले, कानानं बहिरे झाले, आणि हा टायरवर बसून आम्हाला हातांबद्दल सांगत होता. मी पहार दोन्ही हातांनी उचलली आणि घातली.

मध्ये तू आलास.

आवाज मोठा नव्हता झाला. प्रेसवर पत्रा चुकीचा दुमडला की होतो, तसा. संपत मागच्या मागं सरपटत रस्त्यावर गेला आणि पळाला, एक चप्पल आपल्या दारात टाकून. तू खाली बसलास. हात भलत्याच जागी वाकला होता. तुझ्या तोंडून एक शिवीसुद्धा आली नाही, आणि मला खरी भीती वाटली ती त्यानं.

"पहार ठिव," तू म्हणालास. "आधी ती खाली ठिव."

मी ठेवली.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू म्हणालास, "जॅक सटकला." परत येताना रिक्षात मी तुला विचारलं, मध्ये का आलास. तू बाहेर बघत म्हणालास, "मग काय बघत बसू? तू आत जाऊन बसला असतास. माय काय खाल्ली असती तुझी?" मी म्हटलं, "माझी आई माझं बघून घेईल. तू त्याला वाचवलंस." तू प्लास्टरमधल्या हाताची गळ्यातली झोळी सारखी करत राहिलास.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या बॉक्सला भिडलो. खरं तर बॉक्सला नाही. प्रत्येक घाव मी संपतच्या तोंडावर घालत होतो. वेल्डिंगवाला येऊन बघून परत गेला. दुपारकडे तू आलास, हात वहिनींच्या जुन्या साडीच्या पट्टीत अडकवलेला. संपत बसला होता त्याच टायरवर बसलास आणि थोडा वेळ माझा तमाशा बघितलास.

"वरचा बोल्ट काढलास का?"

"वरचे तू काढलेस काल."

"म्या एकच काढला. दुसरा तुझ्या बाजूचा."

"माझ्या बाजूला वर बोल्टच नाही."

"बघ की डोळे उघडून."

वायरींची पट्टी बाजूला केली, डिझेलच्या फडक्यानं चिखल पुसला. बोल्ट होता. शाबूत, पूर्ण आवळलेला. दीड दिवस आपण एका घट्ट बोल्टशी घण घेऊन मारामारी केली होती. तू हसायला लागलास, हसताना हात दुखला, मग दुखण्यापायी मला शिव्या दिल्यास. तो बोल्ट कुणी सोडला यावरून आपण पुढं कितीतरी वेळा भांडलो. तो तुझ्याच बाजूचा होता, अंगद. मी आजही तेच म्हणतो.

तो काढला तरी गंज होताच. मी फटीत पहार घालून सगळ्या अंगानं रेटलं, आणि बॉक्स एकदम सुटला. सरकला नाही, उडाला. जॅकवरून निसटून थेट खाली आला. तू माझा पाय धरून मला बाहेर ओढलंस, एका हातानं, आणि माझं डोकं होतं तिथं कोबा फुटून खड्डा पडला. मी उताणा पडून श्वास घेत होतो. तू त्याच पायावर लाथ घातलीस. "मरायचंय का तुला?" म्हणालास आणि पुन्हा घातलीस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तू आलास तेव्हा तुझा खालचा ओठ फाटलेला होता. एक डोळा सुजून मिटलेला, पाठ वाकलेली, आणि प्लास्टर कोपराजवळ तडकलेलं. मी विचारलं तर म्हणालास, मोटरसायकलवरून पडलो. मी तुला वेड्यात काढलं. एका हातानं मोटरसायकल चालवायची हौस कुणाला असते, म्हणून दिवसभर चिडवलं. तू पाण्याचा घोट घेताना ओठ झोंबायचा आणि तू चेहरा फिरवायचास.

पिकअप न्यायला संपत आला नाही. त्याचा धाकटा भाऊ आला, गाडी घेतली आणि मान वर न करता गेला. मला वाटलं, घाबरले. मला बरं वाटलं होतं.

पुढं बरीच वर्षं गेली. आपण चिडलो की मी तीच गोष्ट उकरून काढायचो. एकदा तर वहिनींच्या समोर. "मी पहार उचलली तेव्हा धावलास," मी म्हटलं होतं. "तो बोलला तेव्हा कुठं होतास? तुझे कान कुठं होते?" वहिनी ताट वाढत होत्या, त्यांचा हात थांबला. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ऐकलं म्या." एवढंच. मी त्याचा अर्थ लावला तो असा, की ऐकलं आणि गिळलं, कारण तो शेवटी तुमच्यातला. मी जेवता जेवता उठलो. जिन्यावरून उतरताना तुमच्या दाराला लाथ मारली, त्याची कडी अजून ढिली आहे.

आणि तरी सकाळी शटर वर करायला दोघंही हजर. हे कसं होत होतं ते मला सांगता येणार नाही. माझी तेजू झाली तेव्हा तिला पहिल्यांदा उचललंस तू, त्याच वाकड्या हातावर. तिची मान त्या खोबणीत बरोबर बसायची. तिला झोपवताना मी कितीदा मनात म्हणालो असेन, की त्या दिवशी हा हात आडवा आला नसता तर ही नसती, हे घर नसतं, मी कुठल्या तरी बराकीत भिंत बघत बसलो असतो. हे मनात म्हणालो. तुझ्यासमोर म्हणालो नाही. तुझ्यासमोर मी तुला नेहमी हेच ऐकवलं, की तू त्याला वाचवलंस.

आज दुपारी संपत आला.

मी ओळखलं नाही आधी. केस पिकलेत, पोट सुटलंय. दारात उभा राहून म्हणाला, "सिद्धार्थ, मी संपत. अंगदचं कळलं." मी हातातलं काम सोडलं नाही. त्याला बस म्हणालो नाही. तो उभ्यानंच बोलायला लागला.

"तुला सांगितलं न्हवतं त्यानं?"

"काय?"

"मला वाटलंच. न्हाईतर तू आला असतास."

मग त्यानं सांगितलं. पहारीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे चुलतभाऊ जमले होते. काठ्या होत्या, एकाकडं कोयता होता. तुझ्या-माझ्या गॅरेजवर नाही, माझ्या घरी येणार होते. पिंपरीत घर कुठंय ते शोधून ठेवलं होतं. गाडी अंगणातून निघायची तेवढ्यात, कुठून कुणकुण लागली कुणास ठाऊक, तू दारात. एकटा, गळ्यात साडीची पट्टी. तू सरळ आत गेलास आणि संपतच्या म्हाताऱ्या बापासमोर, सगळ्यांच्या देखत, संपतच्याच मुस्काटात मारलीस.

"म्हणला, काल जे बोललास ते सिद्धार्थच्या तोंडावर जाऊन माघारी घे," संपत सांगत होता. "मग आमी लई मारला त्याला. चौघं हुतो. खाली पाडून मारला. पलास्टरवर बी पाय दिला. कोयता बापानं, आबांनी, काढून घेतला म्हणून वाचला. त्यो उठला, कापडं झटकली, आन म्हणला, उद्या परत येतो. आमाला वाटलं, उगं बोलतोय."

"मग?"

"आला की. दुसऱ्या दिशी बी आला. डोळा सुजलेला. दारात उभा ऱ्हायला, म्हणला, गेला न्हाईस अजून. त्या दिशी कुणाचा हात उचलला न्हाई. आबा म्हणले, त्येच्या आन त्या दुसऱ्याच्या वाटंला जायचं न्हाई. मला म्हणले, जा आन माफी माग. मी आलो हुतो हितवर. तू गाडीखाली हुतास. तुझे पाय दिसत हुते नुसते. धीर न्हाई झाला, माघारी फिरलो."

मी फडक्यानं हात पुसत होतो. पुसून झाले तरी पुसत होतो. कपाटाशेजारी पहार टेकवलेली असते ती मला दिसत होती, आणि मला ती दिसतेय हे त्यालाही दिसत होतं. तो हलला नाही. मी तुला खोटं सांगणार नाही, माझे हात पुन्हा तसेच झाले होते. या वेळी तो जे बोलला होता त्यासाठी नाही. प्लास्टरवर पाय दिला त्यासाठी.

"ते शब्द माघारी घ्यायला आलोय," तो म्हणाला. "उशीर झाला, कळतंय मला."

मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर तू खवचटपणे हसशील. मी केलं नाही. "त्याच्यासमोर घ्यायचे होतेस," एवढंच म्हणालो. त्यानं मान हलवली. भिंतीवरच्या फोटोकडे बघून हात जोडले आणि निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही आणि घालवूनही दिलं नाही.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. पाठीला शेक कोण देत होतं त्यांच्या? मी म्हणले, सिद्धार्थभाऊजींना सांगा. तर म्हणले, त्याला कळलं तर तो खून करंल, मग मी कशाला मार खाल्ला?" त्या दिवशी ताट वाढताना त्यांचा हात का थांबला होता ते मी आता विचारलं नाही. मी तुला त्यांच्यासमोर बहिरा म्हणत होतो आणि त्या तुझ्या शब्दाखातर गप्प राहून भाकरी वाढत होत्या.

तर हे भांडण आहे, अंगद. मला आता कळलंय की तू मध्ये एकदा नाही, दोनदा आलास. पहिल्यांदा संपतच्या डोक्याच्या आड, दुसऱ्यांदा माझ्या घराच्या आड. आणि या सगळ्या वर्षांत मी तुला जे जे बोललो ते तू ऐकून घेतलंस. एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतास. आपल्यात शंभर भांडणं झाली, तू एकदाही ते वाक्य वापरलं नाहीस. कुठल्या रागात माणूस इतका शहाणा राहतो? मला हे उपकार वाटतात आणि मला याचा भयंकर राग येतो, दोन्ही एकाच वेळी. आज रात्री तुझ्या नावानं रडू की तुझी गचांडी धरू, मला समजत नाही.

तुझं चुकलं. हे मी तू गेलास म्हणून सोडून देणार नाही. मला सांगायला हवं होतंस. पहार न घेता आलो असतो मी. तुझ्याशेजारी नुसता उभा राहिलो असतो, आणि चौघांचा मार दोघांत वाटला गेला असता. तुला माझा भरवसा वाटला नाही, आणि तो का वाटला नाही हेही मला ठाऊक आहे.

बॉक्स सुटला त्या संध्याकाळी तूच मला म्हणाला होतास, बहिणीकडं निगडीला जा, आईलाही घेऊन जा, मुक्कामच करा, दोन दिवसांत तू माणसात येशील. मला वाटलं, माझी काळजी करतोयस. मी गेलो. बहिणीनं कोंबडी केली होती. तू त्या अंगणात चौघांच्या पायाखाली पडला होतास, आणि मी पाटावर बसून दुसऱ्यांदा रस्सा मागत होतो.